डॅशबोर्डाची कुळकथा

वैजापूरच्या काळ्या रानात मृगाचा पहिला दमदार पाऊस होऊन गेला की चाकाला, खुराला आणि वहाणेला जो चिखल धरतो, त्याची चिकाटी ज्याने अनुभवली आहे, त्याला मोटारीच्या डॅशबोर्डाचे मूळ समजावून सांगण्यास फारसे सायास पडू नयेत. कारण ज्या फळीवर आज वेगाचा, इंधनाचा आणि तेलाच्या दाबाचा काटा मांडलेला दिसतो, ती फळी आरंभी काही दाखविण्यासाठी नव्हे, तर काही अडविण्यासाठी जन्मास आली. घोडा भरधाव निघाला म्हणजे त्याच्या मागच्या टापांनी उडणारा चिखल हाकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये, एवढ्याच हेतूने बग्ग्या बांधणाऱ्या कारागिरांनी हाकणाऱ्याच्या पायांपुढे लाकडाची, अगर चौकटीवर ताणलेल्या चामड्याची, एक उभी आडफळी बसविली. या फळीवर काही लिहावे, काही मांडावे, असे त्या काळी कोणाच्या मनातही आले नसेल.

वैजापूर हा पूर्वी निजामाच्या मुलखातील सरहद्दीचा तालुका. पश्चिमेस येवला आणि दक्षिणेस गोदावरीपलीकडे कोपरगाव हा इंग्रजी अंमल, आणि इकडे हैदराबाद संस्थान. एकोणिसावे शतक संपता संपता मनमाडहून औरंगाबादमार्गे हैदराबादेकडे जाणारा लोहमार्ग झाला आणि वैजापूरकरांना रोटेगावचे स्टेशन मिळाले; परंतु स्टेशनापासून गावापर्यंतचा आणि गावापासून वाडीपर्यंतचा रस्ता टांग्याच्या व बैलगाडीच्याच हाती राहिला. पुढे १९३२ च्या जून महिन्यात निजामाच्या रेल्वेने २७ बसगाड्यांनिशी संस्थानात सरकारी प्रवासी वाहतूक सुरू केली. त्यातील ग्लासगोच्या अल्बियन गाड्यांची आठवण हैदराबादेत आजही जपलेली आहे. जनावराच्या टापा आणि इंजिन या दोन युगांचा सांधा युरोपात ज्या काळात जुळला, त्याहून एक पिढी उशिरा तो मराठवाड्यात जुळला. डॅशबोर्डाच्या कुळकथेत हा सांधाच सर्वांत महत्त्वाचा आहे.

प्रारंभीच्या मोटारी म्हणजे घोडा सोडून टाकलेल्या बग्ग्याच होत. इंजिन बैठकीखाली किंवा मागे असे, आणि पुढची आडफळी मात्र, घोडा गेला तरी, जागच्या जागी राहिली. अमेरिकेत १९०१ पासून मोठ्या संख्येने तयार झालेल्या ओल्ड्समोबिल गाडीची ही फळी घसरगाडीच्या तोंडासारखी डौलाने वळविलेली होती, आणि त्या वळणावरूनच ती गाडी ओळखली जाई. तत्पूर्वी, १८९१ च्या सुमारास, पॅन्हार व लव्हासोर या फ्रेंच कारखान्याने इंजिन पुढे आणून ठेवले होते. ही मांडणी जशी सर्वत्र रूढ होत गेली, तशी चिखल अडविणारी फळी इंजिनाची उष्णता आणि तेलाचे शिंतोडे अडवू लागली. संरक्षणाचे काम तेच राहिले. शत्रू तेवढा बदलला. आणि फळीच्या एका अंगास इंजिन व दुसऱ्या अंगास चालक अशी रचना झाल्यावर इंजिनाची खबर चालकाला देणारी साधने या फळीखेरीज दुसरीकडे कोठे बसणार? प्रथम आली ती तेलाची काचनळी, जिच्यातून वंगणाचा थेंब थेंब पडताना डोळ्यांनी दिसे. ऑटो शुल्झे या जर्मन अभियंत्याने १९०२ मध्ये ज्या वेगमापकाचे पेटंट घेतले, त्याचेच तत्त्व पुढे कित्येक दशके कोट्यवधी गाड्यांत नांदले. गिअरपेटीकडून आलेली पिळाची तार एक लोहचुंबक फिरविते; त्यास वेढून, परंतु स्पर्श न करता, अॅल्युमिनियमची एक वाटी असते; चुंबकाच्या फिरण्याने वाटीत विद्युत्प्रवाहाचे भोवरे उठतात आणि ती त्याच्यामागे ओढली जाते; केसाएवढी बारीक कमान तिला मागे खेचते; आणि या ओढाताणीत वाटी जेथे स्थिरावते तेथे काटा उभा राहतो.

आपल्याकडील जुन्या गाड्यांत या फळीची दोन घराणी आढळतात. एक पत्र्याचे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट, जी पुढे पद्मिनी झाली आणि जिची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून अखेर २०२३ च्या ऑक्टोबरात उतरली, तिचा डॅशबोर्ड रंगविलेल्या पत्र्याचा. १९४७ पासून महिंद्रांनी जोडणी सुरू केलेली विलिस जीप याच घराण्यातली. तिच्या युद्धकालीन पूर्वजाच्या पत्र्यावर वेग, इंधन, तेलाचा दाब, पाण्याचे तापमान आणि विद्युत्प्रवाह दाखविणारी पाच तबके, एवढाच काय तो शृंगार. दुसरे घराणे लाकडाचे, अक्रोडाच्या पातळ पापुद्र्याने मढविलेल्या विलायती मोटारींचे.

या लाकडी घराण्याच्या झिलईत आपल्या भूमीचा वाटा आहे, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. विलायती सुतारकामात जे पॉलिश सर्वश्रेष्ठ गणले गेले, त्याचा प्राण म्हणजे लाख. आणि ही लाख छोटा नागपूरच्या अरण्यांत, तशीच आपल्या गोंदियाकडील रानांत, पळस-कुसुमांच्या कोवळ्या फांद्यांवर एका सूक्ष्म कीटकाच्या वस्तीतून निर्माण होते. तिच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकूम येथे १९२४ मध्ये स्वतंत्र संशोधन संस्था स्थापन झाली. लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून, लोकर भरलेल्या सुती फडक्याच्या पुडीने, जवसाच्या तेलाचा एखादा थेंब बोटाने लावून, वर्तुळाकार हात फिरवीत पुटावर पुट चढविणारा आपल्याकडील पॉलिशवाला या मोठ्या परंपरेचाच वारस होय. मोटारीच्या जगात १९२३ नंतर ड्यूको जातीचे झटपट वाळणारे नायट्रोसेल्युलोजचे रोगण आले आणि हाताच्या पुडीची जागा फवाऱ्याने घेतली.

म्हणूनच जुना डॅशबोर्ड नव्याने रंगवावयास घेणाऱ्याने प्रथम त्याचे कुळ विचारावे. मागच्या बाजूस, नजरेआड, स्पिरिटचा बोळा टेकवावा. पृष्ठ चिकट झाले तर लाख समजावी. स्पिरिटला दाद न देता थिनरने विरघळले तर रोगण, आणि दोहोंनाही जुमानले नाही तर बहुधा जवसाच्या वा तत्सम तेलाचे जुने वार्निश. ही परीक्षा न करता पॉलिश पेपर हाती घेणे म्हणजे दस्तऐवज न वाचताच त्यावर सही करणे होय. अक्रोडाचा पापुद्रा एक मिलिमीटरही जाड नसतो. चार हात जास्त पडले की खालचे सामान्य लाकूड उघडे पडते, आणि ते झाकण्यास कोणतेही पॉलिश समर्थ नाही. लाखेचाही एक दोष ध्यानी घ्यावा. साधारण ७५ अंश सेल्सियसला ती वितळते, आणि वैशाखात वैजापूरच्या उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीची दर्शनी फळी त्याच्या आसपास सहज जाऊन पोहोचते. तेव्हा मूळ झिलई लाखेची असली तरी मराठवाड्यात नित्य वापरावयाच्या गाडीला मेण काढलेल्या लाखेचा पातळ हात अस्तर म्हणून देऊन वर टिकाऊ रोगण चढवावे, असे माझे मत आहे. पूर्वजांशी इमान राखण्यासाठी फळी बुडविणे मला मान्य नाही.

तबकांच्या बाबतीत मात्र मी याहून हट्टी आहे. त्यांवरील छापील आकडे स्पिरिटच्या एका पुसण्याने नाहीसे होतात, म्हणून कोरड्या मऊ कुंचल्यापलीकडे त्यांना काही लावू नये. युद्धकाळातील काही लष्करी उपकरणांचे आकडे अंधारात दिसावेत म्हणून रेडियमच्या रंगाने लिहिलेले असत. असा रंग घड्याळांच्या तबकांवर भरताना कुंचल्याचे टोक ओठांनी सावरणाऱ्या न्यू जर्सीच्या तरुण कामगार स्त्रिया १९२० नंतरच्या दशकात कशा झिजून मेल्या, हा इतिहास प्रत्येक कारागिराला ठाऊक असला पाहिजे. कारण रंगाची चमक विझली तरी रेडियम विझत नाही, त्याचे अर्धे आयुष्यच १६०० वर्षांचे. असले तबक खरवडू नये, उघडूही नये. आणि मैलांचे तबक असेल तर ते किलोमीटरचे करून घेऊ नये. दशमान मापांचा कायदा १९५६ चा, आणि औरंगाबाद जिल्हा मुंबई राज्यात आला तोही त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला. त्यापूर्वी या भागात धावलेल्या गाडीच्या अंगावर मैलच शोभतात.

फळी उतरविताना बॅटरीची तार आधी सोडावी, प्रत्येक वायरीस कागदाची चिठ्ठी बांधावी, आणि वेगमापकाची तार तबकामागच्या चाकीपाशी हाताने उलगडावी, पक्कडीने नव्हे. पत्र्याच्या फळीवरील गंज पांढऱ्या लोखंडापर्यंत काढून, प्रायमर, पुट्टी आणि पाण्याची घासाई यथाक्रम करून रंग चढविला, सारी तबके पुन्हा जागेवर बसविली, तरी पुष्कळदा विजेवर चालणाऱ्या तबकांचा काटा हलत नाही. कसूर काट्यांचा नसतो. ही तबके आपली अर्थिंग फळीच्या पत्र्यातूनच घेतात, आणि नव्या रंगाच्या अखंड थराने ती वाट बंद केलेली असते. अशा वेळी स्क्रूच्या भोकाभोवती, मागील अंगास, नखाएवढी जागा कानशीने खरवडून पत्रा उघडा करावा आणि स्क्रू आवळावा. लाकडी फळी असेल तर तबकापासून गाडीच्या सांगाड्यापर्यंत एक स्वतंत्र तार ओढावी.