होनी आणि झूमची सूट

तालमूदमध्ये होनी नावाच्या माणसाची गोष्ट आहे. तो सत्तर वर्षं झोपतो. जाग आल्यावर पाठशाळेत जातो, तर तिथे त्याच्याच विद्वत्तेचे दाखले चाललेले. ‘मीच तो होनी,’ तो सांगतो. कुणी विश्वास ठेवत नाही. मग तो देवाकडे मरण मागतो, आणि ते मिळतं. आजार नाही, उपासमार नाही. ओळखणारं कुणी उरलं नाही, एवढंच. मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा आजीला फोन लावला होता.

ज्यू लोक धर्मग्रंथ जोडीनं शिकतात: एक वाचतो, दुसरा अडवतो. १९२३ साली व्हिएन्नातल्या एका परिषदेत राब्बी मेइर शापिरो यांनी सुचवलं की, जगभरच्या ज्यूंनी रोज तालमूदचं एकच पान वाचावं. यालाच ‘दाफ योमी’ म्हणतात. पानं २,७११, म्हणजे साधारण साडेसात वर्षं. ऐंशीव्या वर्षी सुरू करणारा सत्त्याऐंशी ओलांडून संपवणार! त्या वयात इतक्या लांबचा बेत, मला तर यातच अर्धं औषध दिसतं.

चौदावी फेरी ५ जानेवारी २०२० ला सुरू झाली. दोन-अडीच महिन्यांत सिनेगॉग बंद पडले आणि पाठ झूमवर गेले. म्हाताऱ्यांना आवाज वाढवायची सोय झाली, जी पाठशाळेच्या बाकावर नव्हती.

पेच आला तो पेसाहला. ८ एप्रिलच्या संध्याकाळी सेदेर होता. त्या रात्री घरातली लहान मुलं प्रश्न विचारतात आणि मोठी माणसं इजिप्तमधून सुटकेची कहाणी सांगतात. ती ज्यातून वाचतात तो हाग्गादा १८७४ साली पुण्यात मराठीतही छापला गेला. त्यातल्या चित्रात साडीतल्या बायका मात्झाच्या रोट्या करताना दिसतात. आता २०२० मध्ये प्रश्न विचारणारं नातवंड दुसऱ्या घरात, आणि कर्मठ ज्यू सणाला विजेची उपकरणं चालू-बंद करत नाहीत.

इस्राएलमधल्या काही सेफार्दी राब्बींनी सूट दिली: सण लागण्याआधी झूम सुरू करून ठेवा, फक्त याच वर्षी. कारण त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं, म्हाताऱ्यांची उदासी जावी, जगायची उमेद टिकावी. मुख्य राब्बींनी ती नाकारली. एकटेपणा वेदनादायक आहे, सणाआधी बोलून घ्या. पण नियम मोडायचा तो जीव वाचवण्यापुरता.

दोन्ही बाजूंनी नियमाचाच आधार घेतला होता, म्हणून वाद मला खरा वाटतो. प्रश्न होता, एकटेपणानं माणूस मरतो का? होनीची गोष्ट दोघांनाही पाठ असणार.

दाफ योमीचे वर्ग अजून ऑनलाइन चालतात. ही फेरी जून २०२७ मध्ये संपेल. शब्बाथला मात्र पडदा काळा असतो. त्या दिवशीचं पान एकट्या राहणाऱ्या आजोबांना छापील पुस्तकातच वाचावं लागतं, अडवणाऱ्या कुणाशिवाय.