संगमावर आठवलेला खुरीस

अफजलपूर तालुक्यातल्या गाणगापूरला गेलो होतो. भीमा-अमरजेच्या संगमावर गुरुचरित्राचं पारायण चाललं होतं. ओव्या ऐकताना साष्टीतल्या आमच्या वाटेवरचा खुरीस आठवला. बाजारातून येताना आई तिथं टोपली टेकवायची, हात जोडायची. "ओझं उतरलं रे," म्हणायची.

याच साष्टीतली देवळं १५६७ साली मोडली गेली. पुढं १६१६ साली तिथंच, रायतूरला, फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. लिपी रोमन, पण भाषा मराठी आणि छंद आपल्या ओवीचा. क्रुसावरच्या येशूचं दुःख बाटलेल्या माणसांनी त्याच ओवीतून ऐकलं. देव बदलला, तरी रडायची भाषा तीच राहिली.

मोडलेली देवळं मी विसरत नाही. पण आईची टोपलीही विसरवत नाही.