प्रतिस्पर्ध्याचे मोल

वस्तूची किंमत केवळ खर्चावरून ठरत नाही, हे आपण २००८ सालच्या एका प्रसंगावरून पाहू. संगणकाच्या पडद्यावर चित्रे उमटविणाऱ्या ग्राफिक्स कार्डांच्या धंद्यात तेव्हा एनव्हिडिया आणि एएमडी या दोनच मोठ्या कंपन्या उरल्या होत्या. थ्रीडीएफएक्स ही तिसरी २००० च्या अखेरीसच धंद्यातून उठली होती. जून २००८ मध्ये एनव्हिडियाने जीटीएक्स २८० हे कार्ड ६४९ डॉलरांस विकावयास काढले. त्याच महिन्यात एएमडीने रॅडिऑन एचडी ४८७० आणले, अवघ्या २९९ डॉलरांस. आणि वेगात ते फारसे मागे नव्हते. काही आठवड्यांतच ६४९ चे ४९९ झाले. कार्ड तेच, कारखाना तोच. शेजारी दुसरे दुकान उघडले, एवढेच. म्हणून एखाद्या कंपनीला टाळे लागले, तर आपण ग्राहकांनी तो तमाशा समजू नये. पुढची चाट आपल्याच खिशाला बसावयाची असते.