एलिझाबेथ कोणाची कन्या ?

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्‌स प्रांतांत प्लिमथ नांवाचें गांव आहे. तेथील टेकडीवरच्या जुन्या दफनभूमींत जॉन हाउलंड ह्या गृहस्थाच्या स्मरणार्थ त्याच्या वंशजांनीं एकोणिसाव्या शतकांत एक शिला उभारली. हाउलंड हा १६२० सालीं ‘मेफ्लॉवर’ जहाजांतून आलेल्या पहिल्या वसाहतवाल्यांपैकीं एक होय. त्याची पत्नी एलिझाबेथ ही वसाहतीचा पहिला गव्हर्नर जॉन कार्व्हर ह्याची कन्या, असें त्या शिलेवर कोरलें होतें. घराण्यांत पिढ्यान् पिढ्या हेंच सांगत आले होते. पत्नीचें नांव बरोबर होतें. पिता मात्र भलताच होता!

खरी हकीकत एका हस्तलिखितांत पडून होती. कार्व्हरनंतर गव्हर्नर झालेला विल्यम ब्रॅडफर्ड ह्यानें वसाहतीचा इतिहास स्वहस्तें लिहून ठेवला होता. हें बाड बॉस्टन येथील एका प्रार्थनामंदिराच्या ग्रंथसंग्रहांत असे. स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमींत तें नाहींसें झालें, आणि तें कायमचेंच गेलें असें सर्वांनीं धरून चालविलें. पुढें १८४४ सालीं सॅम्युअल विल्बरफोर्स ह्या इंग्रज धर्मोपदेशकाच्या एका ग्रंथांत लंडनच्या बिशपच्या फुलॅम येथील ग्रंथालयांतल्या कोण्या हस्तलिखितांतील उतारे छापले गेले. तब्बल अकरा वर्षें त्यांचें मर्म कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. अखेर १८५५ मध्यें बॉस्टनमधील अभ्यासकांनीं ब्रॅडफर्डची लेखणी ओळखली, आणि पुढील वर्षीं ग्रंथ छापून बाहेर पडला.

ग्रंथाच्या शेवटीं ब्रॅडफर्डनें जहाजावरील माणसांची यादी देऊन तीस वर्षांत कोणाचें काय झालें तें नमूद केलें आहे. तींत जॉन टिली, त्याची पत्नी व कन्या एलिझाबेथ असें एक कुटुंब येतें. मायबाप दोघेही किनाऱ्यास लागल्यावर थोड्याच दिवसांत वारले. चुलता एडवर्ड व चुलती ॲन ह्यांचीही तीच गत झाली. त्या पहिल्या हिवाळ्यांत जहाजावरील शंभरावर माणसांपैकीं जवळजवळ निम्मीं दगावलीं, आणि तेरा वर्षांची एलिझाबेथ परक्या भूमीवर पोरकी झाली. कार्व्हरचा सेवक म्हणून आलेल्या हाउलंडनें पुढें ह्याच मुलीशीं विवाह केला, असें ब्रॅडफर्ड स्पष्ट लिहितो. कार्व्हर दांपत्याच्या अपत्याचा तर यादींत उल्लेखच नाहीं. तीं दोघें १६२१ सालींच निवर्तलीं.

मग दंतकथा उपजली कोठून ? अनाथ एलिझाबेथला कार्व्हरच्या घरीं आसरा मिळाला असावा, असा तर्क करतात, आणि तो पटण्याजोगा आहे. ‘त्या घरची मुलगी’ ह्याचें ‘त्याची मुलगी’ व्हावयास दोन पिढ्या पुष्कळ झाल्या. शिवाय सामान्य वाटसरूपेक्षां गव्हर्नर सासरा बरा दिसतो, हेंही आहेच. आपल्याकडील कुलवृत्तांत चाळणारांस हा मोह अपरिचित नाहीं.

एलिझाबेथच्या विवाहाची नोंद उपलब्ध नाहीं. विवाहानंतर सरकारी दप्तरांत ती भेटते ती एका कालवडीच्या कृपेनें ! १६२७ सालीं वसाहतीच्या सामाईक गुरांची वांटणी झाली. तेरा तेरा माणसांचे बारा गट पाडले आणि प्रत्येक डोक्याचा वांटा धरला. त्यामुळें बायकांचीं व तान्ह्या मुलांचींही नांवें लिहिणें भाग पडलें. चौथ्या गटांत जॉन हाउलंड, पत्नी एलिझाबेथ, मुलगा जॉन व मुलगी डिझायर आहेत. त्यांच्या वांट्यास आलेल्या कालवडीचें नांवही कारकुनानें टिपलें आहे, रॅगहॉर्न. श्रोत्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, केवळ जमीनमालकांची यादी असती तर एलिझाबेथ तींत दिसली नसती.

ह्या दांपत्यास दहा मुलें झालीं व तीं दहाही जगलीं. १६७३ सालीं हाउलंड वारला. एलिझाबेथ उतारवयांत स्वान्सी येथें कन्या लिडिया हिच्याकडे होती. तिनें १७ डिसेंबर १६८६ रोजीं मृत्युपत्र केलें. वडील मुलगा जॉन ह्याला पांच पौंड व टिंडेलचा ग्रंथ, जोसेफला वजनकांटा, कोणास चादरी, कोणास उशांचे अभ्रे. लिडियाला मात्र उत्तम पिसांची गादी, हिरवा रग, लहान कपाट, पितळेचें लहान भांडें, लहान बायबल आणि लायडनच्या मंडळीचे धर्मगुरु रॉबिन्सन ह्यांचा ग्रंथ. शेवटीं कोणी सेवा केली, तें ह्या वांटणीवरून सहज कळतें. ह्या मृत्युपत्राच्या आरंभींच एलिझाबेथनें आपलें वय एकुणऐंशी वर्षें सांगितलें आहे.

हें वाक्य सहज लिहिलें गेलें असेल. पण संशोधकांस तीच किल्ली झाली. इंग्लंडांत बेडफर्डशायरमधील हेन्लो गांवच्या चर्चच्या वहींत जॉन टिलीची कन्या एलिझाबेथ हिचा बाप्तिस्मा ३० ऑगस्ट १६०७ रोजीं नोंदलेला आहे. १६८६ मधून एकुणऐंशी वजा करून पाहावें. चुलता एडवर्ड ह्याचाही बाप्तिस्मा त्याच गांवचा. तेव्हां नामसादृश्याची शंका उरत नाहीं.

राहिली माता. एडवर्डची पत्नी ॲन हिचें नांव ब्रॅडफर्ड देतो, जॉनची मात्र नुसती ‘पत्नी’. हॉलंडांतील लायडन येथें तशाच नांवाच्या एका इसमानें १६१५ सालीं एका डच स्त्रीशीं विवाह केल्याची नोंद सांपडली होती; तेवढ्यावर कांहींनीं त्या डच स्त्रीला हाउलंडांच्या वंशावळींत आणून बसविलें. एक चूक सुधारतांना दुसरी पदरीं घेतली, असेंच म्हणावें लागेल. १६०७ सालीं जन्मलेल्या कन्येची माता १६१५ च्या विवाहांत शोधावी, हें विचित्रच. ह्या गोंधळाचा उलगडा होऊन हेन्लो व आसपासच्या नोंदींवरून टिली घराण्याची नीट संगति १९७६ सालीं प्रसिद्ध झाली. जॉन टिलीचा विवाह २० सप्टेंबर १५९६ रोजीं हेन्लो येथें झाला होता. वधू जोन हर्स्ट, टॉमस रॉजर्स नांवाच्या गृहस्थाची विधवा. ‘मेफ्लॉवर’वरून येऊन कांहीं आठवड्यांत वारलेली ती पत्नी हीच.

प्लिमथच्या टेकडीवरील जुनी शिला पुढें बदलण्यांत आली. नव्या शिलेवर एलिझाबेथ ही जॉन टिलीची कन्या, असें बरोबर कोरलें आहे. जोनचें नांव तींत नाहीं.