नायडू, कोट्टारी कनकय्या

(३१ ऑक्टोबर १८९५ – १४ नोव्हेंबर १९६७). भारताच्या कसोटी संघाचे पहिले कर्णधार आणि षटकारांसाठी ख्यात असलेले फलंदाज. जन्म नागपूर येथे, तेलुगू भाषक कुटुंबात. उंच, काटक शरीरयष्टी, लांब हात आणि पुढे सरसावून उंचावरून सरळ फटका मारण्याचे धाडस ही त्यांची वैशिष्ट्ये होत.

१ डिसेंबर १९२६ रोजी बॉम्बे जिमखाना मैदानावर आर्थर गिलिगन यांच्या एमसीसी या इंग्लिश संघाविरुद्ध हिंदू संघाकडून खेळताना त्यांनी दोन तासांच्या आत १५३ धावा केल्या. त्यांत ११ षटकार व १३ चौकार होते. नायडू खेळत आहेत हे कळताच शहरातून लोक मैदानाकडे धावले. आसपासची झाडे आणि गच्च्या भरून गेल्या. पाहुण्या संघाने त्यांना चांदीची बॅट दिली. राज्यकर्त्यांच्या संघाला त्यांच्याच खेळात असे निर्भयपणे फटकावले जाताना पाहण्याचा आनंद केवळ क्रीडेपुरता नव्हता; नायडूंच्या लोकप्रियतेचे खरे मूळ तेथेच शोधावे लागते. नुसत्या धावसंख्येवरून ती उमगत नाही, कारण ७ कसोटींत त्यांना एकही शतक करता आले नाही.

१९३२ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ३२ षटकार मारले. १९३३ मध्ये विस्डेन या क्रिकेट वार्षिकाने वर्षातील पाच सर्वोत्तम क्रिकेटपटूंत त्यांची निवड केली. इंदूरच्या होळकर संघाला त्यांनी रणजी करंडक जिंकून दिला. शिस्तीला ते अतिशय कडक होते. वयाची साठी ओलांडल्यावरही, १९५६-५७ च्या हंगामात, ते रणजी सामन्यात उतरले. पद्मभूषण (१९५६). इंदूर येथे निधन.