ढगातली खतावणी

आमच्या घरातल्या संगणकाच्या पडद्यावर, खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी एक चिमुकला ढग राहतो. चेंबूरकरांना ढगांचं तसं अप्रूप नाही. एके काळी माहुल-ट्रॉम्बेकडच्या धुराड्यांनी आमच्या डोक्यावर बारमाही ढगांची सोय केली होती आणि बाहेरची मंडळी चेंबूरला 'गॅस चेंबर' म्हणत. त्या मानाने हा पडद्यावरचा ढग फारच सालस. पण गेल्या पावसाळ्यात एका रविवारी त्याच्या अंगावर तांबडी फुली उमटली.

"सिंक होत नाहीये!" मी ओरडलो.

"उष्टं न काढता भांडी टाकता, मग तुंबणारच," सौ. आतून म्हणाली.

ज्यांचा सिंकशी संबंध अजून भांड्यांपुरताच आहे त्यांच्यासाठी सांगतो. संगणकातला ढग आकाशात नसतो. कुठल्याशा कंपनीच्या थंडगार इमारतीत यंत्रांच्या रांगा असतात, तोच हा ढग. आपण घरी फाइल लिहिली की तिची एक प्रत तिकडे जाते, तिथून आपल्या दुसऱ्या संगणकावर उतरते आणि सगळीकडे अक्षर न् अक्षर सारखं राहतं. निदान राहावं अशी अपेक्षा असते. आम्ही बँकवाले याला 'टॅली होणं' म्हणतो आणि ते सहजासहजी होत नाही याची आम्हाला पगारी खात्री असते.

माझ्या ढगात बाबांच्या वह्या होत्या. बाबा माहुलच्या बाजूला एका कारखान्यात होते. टिळकनगरच्या दोन खोल्यांत त्यांनी १९७४ पासून रोजच्या घरखर्चाची वही लिहिली. दूध, रॉकेल, रेशन, केस कापणे (दोघे). बाबा जाऊन तीन वर्षं झाली. मागे वह्या राहिल्या एकतीस. त्यातली एक वाळवीने मन लावून वाचली, तेव्हा उरलेल्या संगणकात उतरवायच्या ठरल्या. दादा पुण्याला, कोथरूडला असतो. त्याला मी पानांचे फोटो पाठवले आणि कराराप्रमाणे विषम वर्षं माझ्याकडे, सम वर्षं त्याच्याकडे अशी वाटणी झाली. आमच्यात झालेली ही एकमेव वाटणी.

फुली दिसताच मी सर्व शास्त्रोक्त उपाय केले. संगणक बंद करून सुरू केला. ढगातली जागा भरली नाही ना, ते पाहिलं. दुसऱ्याच कुणाच्या नावाने आत शिरलो नाही ना, तेही पाहिलं. एक दोष सापडला. दादाने आपल्या संगणकावर एका फाइलला 'घरखर्च ८९/९०' असं नाव दिलं होतं. त्याच्या संगणकाला ते चालतं, माझ्या विंडोजला नावातली तिरपी रेघ चालत नाही. ती काढली. फुली तशीच. मग उपायांचा क्रम उलट करून पाहिला. शेवटी दोन महिने तसाच वह्या उतरवत राहिलो.

अखेर घाटकोपरहून भाचा आला. इंजिनिअरिंगला आहे. तो ढगाकडे न पाहता शेजारच्या घड्याळाकडे पाहून म्हणाला, "मामा, तुझ्याकडे २०१२ साल चालू आहे."

संगणकाच्या पोटात नाण्याएवढी एक बॅटरी असते. वीज गेली तरी ती घड्याळ चालू ठेवते. माझी बॅटरी मेली होती. त्यामुळे रोज सकाळी संगणक २०१२ सालात जागा होई. ढगाशी बोलताना ढग आपलं ओळखपत्र दाखवतो. त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल त्या तारखा असतात. माझ्या संगणकाच्या हिशेबाने ते ओळखपत्र अजून छापायचंच होतं. पुढच्या तारखेचा चेक आला तर मी काउंटरवर जे करतो, तेच त्याने केलं. परत पाठवला. मला त्या यंत्राबद्दल एकाएकी आपुलकी वाटली.

घड्याळ जुळलं नाही की व्यवहार जुळत नाहीत, ही गोष्ट खरं तर मुंबईकराला कुणी सांगायला नको. या शहराने सिंकचा प्रश्न पाऊणशे वर्षं भिजत ठेवला होता. पूर्वी ज्या गावचा सूर्य त्या गावची वेळ. रेल्वे आणि तारायंत्र आलं तेव्हा पंचाईत झाली. रेल्वेने मद्रासची वेळ धरली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढे. १८८१ साली गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांनाही मद्रासची वेळ लावली. मुंबईकर चिडले. आपला सूर्य असताना मद्रासचा का वापरायचा? दोन वर्षांत सरकारला माघार घ्यावी लागली.

मग १ जानेवारी १९०६ रोजी आजची भारतीय प्रमाणवेळ आली. ती मुंबईच्या वेळेच्या ३९ मिनिटं पुढे. गिरणी कामगारांच्या दृष्टीने ही ३९ मिनिटं म्हणजे लवकर उठण्याची सक्ती होती. त्याच महिन्यात त्यांनी निषेधही केला. दिवस बंगालच्या फाळणीनंतरचे, स्वदेशीचे. त्यामुळे घड्याळाचा काटासुद्धा स्वदेशी की सरकारी असा प्रश्न पडला. रेल्वेने आणि कचेऱ्यांनी नवी वेळ घेतली. महापालिकेने मुंबईची वेळ धरून ठेवली, ती थेट १९५५ पर्यंत. स्वराज्य आलं, त्यानंतरही आठ वर्षं गेली, तेव्हा कुठे हे शहर स्वतःशी सिंक झालं.

म्हणजे अर्धशतक एकाच शहरात दोन प्रती, आणि दोन्ही खऱ्या! माणसं मनातल्या मनात ३९ मिळवत नाहीतर वजा करत आणि गाडी पकडत. सिंक बिघडलं की यंत्र फुली दाखवून बसून राहतं. माणूस मात्र अंगठ्याने बोटांची पेरं मोजत चालू लागतो.

माझ्या मनात आलं, सगळा घोळ जर घड्याळाचा, तर घड्याळच नको. कोणती नोंद आधी आणि कोणती नंतर, हे घड्याळाशिवाय कळलं पाहिजे. हा शोध आपलाच म्हणून मी भाच्याला सांगितला. तो म्हणाला, लेस्ली लॅम्पोर्ट नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने १९७८ सालीच हे मांडलंय. दूरदूरच्या संगणकांनी घड्याळावर विसंबू नये. प्रत्येक घटनेला चढता क्रमांक द्यावा आणि निरोपाबरोबर तो क्रमांक पाठवावा. ढगातल्या फाइलींच्या आवृत्त्यांनाही असाच माग असतो.

मला लॅम्पोर्टसाहेबांबद्दल आदर आहे, पण आमच्या बँकेतलं पितळी टोकन त्याच्या आधीचं. साडेअकरा की पावणेबारा यावरून काउंटरवर कुणी कधी भांडलं नाही. सतरा नंबर अठराच्या आधी, विषय संपला.

मी बँकेत लागलो तेव्हा लेजरं माळ्यावर चढत होती आणि लेजरांवर वाढलेले हेडक्लार्क निवृत्तीला टेकले होते. त्यांच्याकडून मी जुन्या जमान्यातलं सिंक ऐकलं. दिवसभराची व्हाउचरं एकजण खतावणीत लिही, दुसरा वेगळ्या तक्त्यावर लिही आणि संध्याकाळी दोघांच्या बेरजा जुळाव्या लागत. नाही जुळल्या की दिवा, चहा आणि शोध. त्या शोधाचंही शास्त्र होतं. फरकाची रक्कम सम असेल तर निम्मी रक्कम जमेऐवजी नावे पडली आहे का, ते बघ. फरकाला नवाने भाग गेला तर कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत, ३६ चे ६३ केलेत. ग्राहकाचं पासबुक म्हणजे त्या खतावणीच्या पानाची घरी नेलेली प्रत. ते भरताना सगळं पान कुणी पुन्हा लिहीत नसे. गेल्या खेपेनंतरच्या नोंदी तेवढ्या चढवायच्या. संगणकात हीच काटकसर १९९६ साली ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी आणली. सगळी फाइल न पाठवता बदललेला भाग तेवढा पाठवायचा. पासबुकवाल्यांना कुणी पेटंट दिलं नाही.

रिझर्व्ह बँकेच्या रंगराजन समितीने १९८४ साली शाखांमध्ये यंत्रं आणायची शिफारस केली. पुढे प्रत्येक शाखेत संगणक आला, पण शाखाशाखांचं एकमेकांत जुळवणं उरलंच. शेवटी बँकांनी गंमत केली. प्रती जुळवायच्या भानगडीतच पडायचं नाही. खतावणी एकच, मध्यवर्ती, आणि सगळ्या शाखा म्हणजे तिच्यात डोकावायच्या खिडक्या. बँका जुळवाजुळवीतून सुटल्या आणि नेमक्या त्याच सुमारास ती घराघरांत शिरली.

सुरुवात साधी होती. विंडोज ९५ मध्ये पडद्यावर चक्क एक ब्रीफकेस असे. कचेरीतल्या फाइली तीत टाकून फ्लॉपीवरून घरी न्यायच्या, काम करायचं आणि परत आल्यावर जुळवून घ्यायच्या. मग २००६ च्या सुमारास ड्र्यू ह्यूस्टन नावाचा तरुण बॉस्टनहून न्यूयॉर्कला बसने निघाला आणि पेन ड्राइव्ह घरी विसरला. आपण असतो तर खिडकीबाहेर बघत शेंगदाणे खाल्ले असते. त्याने बसमध्येच प्रोग्राम लिहायला घेतला. त्यातून २००८ साली ड्रॉपबॉक्स लोकांपुढे आलं. मायक्रोसॉफ्टचं स्कायड्राइव्ह २००७ चं. त्यातल्या 'स्काय'वर एका ब्रिटिश टीव्ही कंपनीने कोर्टात हक्क सांगितला, तेव्हा २०१४ साली ते वनड्राइव्ह झालं. गुगल ड्राइव्ह २०१२ चं. म्हणजे माझा संगणक रोज सकाळी ज्या सालात जागा होत होता, त्याच सालचं.

या सगळ्यांत एक खोच सारखीच आहे. सिंक म्हणजे राखीव प्रत नव्हे. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. केराच्या टोपलीत बहुधा तीस दिवस सापडतं, मग तेही नाही. आणि एकच फाइल दोघांनी दोन ठिकाणी लिहिली, तर खरी कोणती हे ढग ठरवत नाही. तो दोन्ही प्रती आपल्यापुढे ठेवतो आणि हात झटकतो.

भाच्याने नवी बॅटरी घातली. फुली गेली. आणि १९८९ सालच्या दोन प्रती पडद्यावर आल्या. एक दादाची. दुसरीच्या नावाला माझ्या संगणकाच्या नावाचं शेपूट. १९८९ विषम, म्हणजे कराराने माझं. तरीही दादाने ते लिहून टाकलं होतं. मला वाटलं, त्याचाही गणिताचा घोळ.

तपासायला बसलो. नोव्हेंबरची माझी बेरीज बाबांच्या बेरजेपेक्षा ६३ रुपयांनी जास्त. दादाची बरोब्बर. त्रेसष्ट! नवाने भाग जातो! आमच्या हेडक्लार्कचं स्मरण करून मी उलटे आकडे शोधू लागलो. १८ चे ८१ कुठे झाले, २९ चे ९२ कुठे झाले. रात्रीचे अकरा वाजले. सापडेना. मग माळ्यावरून मूळ वही काढली.

'सहल, थोरला – ६३.' त्यावर एक बारीक आडवी रेघ. खाली, 'डॉक्टर व औषध, धाकटा – ६३.' मी दोन्ही नोंदी उतरवल्या होत्या. रेघ मला दिसलीच नव्हती.

बँकेत खोडायचा नियम आहे. ब्लेडने खरवडायचं नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे आणि शेजारी सही करायची. बाबा बँकेत नव्हते. पण रेघेशेजारी त्यांची चक्क सही होती, स्वतःच्याच घरखर्चाच्या वहीत.

आमच्या घरात एक जुना विनोद आहे. रायगड न पाहिलेला एकमेव मराठी माणूस म्हणजे दादा. शाळेची सहल गेली, हा घाबरून घरी राहिला. हा विनोद मी त्याच्या लग्नातही केला होता.

दादाला फोन लावला. "नोव्हेंबरातली सहल तू उतरवली नाहीस."

"खोडलेली आहे ना ती."

"तुला माहीत होतं?"

"समोर बसलो होतो. तुला टायफॉइड झाला होता. बाबा म्हणाले, पैसे तुझ्या नावचे आहेत, तुझीही सही लागेल. बघ, असेल शेजारी."

मी वही दिव्याखाली धरली. बाबांच्या सहीपुढे जो शाईचा डाग वाटला होता, ती चौदा वर्षांच्या मुलाने केलेली लफ्फेदार सही होती.

"आणि म्हणून हे साल तू घेतलंस?"

"तुझ्याकडे जायला नको म्हणून घेतलं. पण तुझा ढगच बंद पडला. मला कसं कळणार तूही लिहितोयस ते?" तो म्हणाला. मग म्हणाला, "आता रायगडाचं काय ते बोल. कधी नेतोस?"

फोन ठेवला. पडद्यावर संगणक विचारत होता, यातली कोणती प्रत ठेवू? ही, ती, की दोन्ही? दादाची प्रत टॅली होत होती. माझी ६३ रुपयांनी चुकली होती. मी 'दोन्ही' दाबलं. ढगाने जराही कुरकुर न करता दोघींवर हिरवी खूण केली.

वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत फरक न सापडता मी कधी घरी गेलो नाही. त्या रात्री फरक तसाच ठेवून झोपलो.