कथेचे आशयसूत्र आणि वळणबिंदू

कथेतील घटनांना एकत्र बांधणारा मध्यवर्ती अर्थ म्हणजे आशयसूत्र. ज्या घटनांनी कथेची दिशा बदलते ते तिचे वळणबिंदू. विषय आणि आशयसूत्र यांत नेहमी गल्लत होते. ‘प्रेम’ हा विषय झाला; प्रेमाविषयी कथेला काय म्हणायचे आहे ते पूर्ण वाक्यात मांडता आले, तरच सूत्र सापडले असे मानावे.

भरताच्या नाट्यशास्त्रात कथानकाचे मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श व निर्वहण असे पाच संधी सांगितले आहेत. ॲरिस्टॉटलने कलाटणी आणि अभिज्ञान म्हणजे ओळख पटणे यांना महत्त्व दिले. वळणबिंदू ओळखण्याची वाचकासाठी कसोटी साधी आहे : घटना काढून टाकली तर पुढची कथा अडते का? आशय ठरवण्यासाठी मीमांसकांची तात्पर्यनिर्णयाची लक्षणे उपयोगी पडतात. उपक्रमोपसंहार म्हणजे आरंभ व शेवट, अभ्यास म्हणजे पुनरुक्ती, अपूर्वता म्हणजे नवेपणा, फल, अर्थवाद आणि उपपत्ती ही ती सहा लक्षणे. लोकमान्य टिळकांनी गीतारहस्यात (१९१५) गीतेचे तात्पर्य ठरवताना त्यांचाच आधार घेतला. कथेच्या बाबतीत पहिली तीन विशेष फलदायी ठरतात.

कालिदासाचे अभिज्ञानशाकुंतल हे नाटक या कसोट्यांसाठी उत्तम उदाहरण. महाभारताच्या आदिपर्वातील मूळ कथेत राजा दुष्यंताला सगळे आठवत असते. लोक काय म्हणतील म्हणून तो शकुंतलेला ओळख देत नाही. शाप आणि अंगठी तेथे नाहीत. कालिदासाने जे नव्याने घातले, तेच त्याच्या नाटकाचे वळणबिंदू आहेत : चौथ्या अंकातील दुर्वासाचा विस्मरणाचा शाप, पाचव्यातील त्या शापामुळे झालेला अव्हेर, सहाव्यात कोळ्याकडे सापडलेली अंगठी. दुसऱ्या अंकातील विदूषकाची कुरकुर गाळली तर रंगत जाईल, पण कथा अडणार नाही. शाप गाळला तर नाटकच उभे राहत नाही.

पुनरुक्ती पाहिली की सूत्र स्पष्ट होते. प्रस्तावनेत नटीचे गाणे ऐकून सूत्रधार कोणते नाटक करायचे तेच विसरतो. पतीच्या विचारात बुडालेल्या शकुंतलेला दारातल्या अतिथीचे भान राहत नाही. पाचव्या अंकाच्या आरंभी हंसपदिकेच्या गाण्यातून राजाच्या विसराळू प्रेमाला टोमणा बसतो. सहाव्यात राजा समोर चित्र आहे हे विसरून त्यातल्या भुंग्यालाच दटावतो. विस्मरण ही येथे एकट्या राजाची चूक राहत नाही; तो प्रेमाचाच स्वभाव होतो. उपक्रम आणि उपसंहार दोन्ही आश्रमांत घडतात. कण्वाच्या आश्रमाजवळ राजा शिकारीच्या नादात येतो, तर मारीचाच्या आश्रमात पश्चात्तापाने शुद्ध होऊन पोचतो. म्हणून सूत्र असे मांडता येते : स्वतःतच रमलेले प्रेम कर्तव्याला विसरते, आणि विरहाने पोळल्यावरच ते संसाराचा भार पेलू शकते.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात याच नाटकावर आधारलेल्या संगीत शाकुंतलाचा पहिला प्रयोग केला, तेव्हा रंगमंचावर पहिले चार अंकच आले. तेवढ्यावरून वळणबिंदू काही अंशी सांगता येतील; सूत्र मात्र ठरवता येणार नाही. शाकुंतल ही केवळ प्रथमदर्शनी जडलेल्या प्रेमाची कथा मानली, तर शेवटचे तीन अंक निरर्थक ठरतात. त्यामुळे तो अर्थ टिकत नाही.